एक संगणक, घरभर माणसे

वलवणमध्ये घर आणि धंदा यांच्यात फारशी भिंत नसते. गाव लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत. जुना मुंबई-पुणे रस्ता लागूनच, आणि द्रुतगती मार्गावरून लोणावळ्यात उतरायची वाटही इथेच. शनिवार-रविवारी बंगला भाड्याने देणारे, चिक्कीचे दुकान सांभाळणारे आणि लोकलने पुण्याकडे नोकरीला जाणारे पुष्कळदा एकाच घरात नांदतात. अशा घरात बैठकीच्या खोलीत एक संगणक असतो. सकाळी त्यावर बुकिंगचे ई-मेल पाहिले जातात, दुपारी वीजबिल भरले जाते, आजोबांना मध्येच सातबारा हवा असतो, आणि दहावीचा निकाल लागला की अकरावीचा अर्ज येतोच. २०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सबंध राज्याला लागू झाला, त्यामुळे इथल्या मावळ तालुक्यातली घरेही त्यातून सुटलेली नाहीत.

या घरांपुढचा एक प्रश्न दिसायला किरकोळ आहे. एकाला सापडलेली लिंक किंवा एकाने ठेवलेला निरोप त्याच यंत्रावर नंतर बसणाऱ्या दुसऱ्यापर्यंत कसा पोचवायचा? यंत्र तेच, खुर्ची तीच, फक्त बसणारा बदललेला. तरीही यावर संगणक बनवणाऱ्यांचे, अभ्यासकांचे आणि घरातल्या माणसांचे एकमत झालेले नाही. प्रश्नाला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो उलगडला की आजचा गोंधळ समजायला सोपा जातो.

सुरुवात एकाच यंत्रापासून

ई-मेल म्हणजे दूरच्या माणसाला पाठवायचे पत्र, अशी आपली समजूत असते. ई-मेलचा जन्म मात्र एकाच संगणकावर बसणाऱ्या माणसांसाठी झाला. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ साली सीटीएसएस नावाच्या प्रणालीचे प्रात्यक्षिक झाले. एक मोठा संगणक आणि त्याला जोडलेल्या टंकयंत्रांवरून वेळ वाटून घेणारे अनेक वापरकर्ते, अशी ती रचना होती. लोकांना एकमेकांना सांगायचे असायचे, पण सोय नव्हती. मग त्यांनी सामाईक जागेत फायली ठेवायला सुरुवात केली आणि फायलीच्या नावातच ‘अमक्यास’ असे लिहू लागले. हा घरगुती तोडगा बघूनच १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी ‘मेल’ ही आज्ञा लिहिली. ती वापरणाऱ्याला दुसऱ्याच्या खात्यातल्या टपालाच्या फायलीत निरोप टाकता येई. दोन वेगळ्या यंत्रांमध्ये निरोप पाठवण्याचे काम रे टॉमलिन्सन यांनी केले ते १९७१ मध्ये. युनिक्समध्येही ‘मेल’ होते, आणि समोरच्या टर्मिनलवर थेट ओळ उमटवणारी ‘राइट’ ही आज्ञाही.

मग वैयक्तिक संगणक आला आणि ही सोय गळून पडली. १९८१ चा आयबीएम पीसी एका माणसाने वापरायचा म्हणून घडला होता. त्यावरच्या डॉसला ‘वापरकर्ता’ ही कल्पनाच ठाऊक नव्हती. विंडोज ९५ मध्ये वेगवेगळी प्रोफाइल ठेवता येऊ लागली, पण घराघरांत ती कल्पना पोचवली २००१ च्या विंडोज एक्सपीने. बदक, फुटबॉल, गिटार अशी चित्रे लावलेली खात्यांची यादी, एकाचे काम बंद न करता दुसऱ्याला बसू देण्याची युक्ती आणि सगळ्यांना दिसणारे सामाईक फोल्डर, हे तिन्ही एक्सपीबरोबर आले. पुढे व्हिस्टाने त्या फोल्डरचे नाव ‘पब्लिक’ केले. ते आजही आहे. फार थोड्या लोकांनी उघडून पाहिले आहे इतकेच. मॅकमध्ये प्रत्येकाच्या सार्वजनिक फोल्डरात आणखी एक पेटी असते. तिच्यात कोणीही फाइल टाकावी, आत काय आहे ते फक्त मालकाला दिसावे.

निरोपाची सोय मात्र परत आली नाही. विंडोजमध्ये ‘नेट सेंड’ होते, पण ते कार्यालयीन जाळ्यासाठी. इंटरनेटवरून जाहिराती उडवायला त्याचा गैरवापर झाला, म्हणून २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ती सेवा बंद ठेवायला सुरुवात केली आणि व्हिस्टात ती काढूनच टाकली. उरलेली ‘एमएसजी’ ही आज्ञा विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत मिळते, होम आवृत्तीत नाही. ज्या आवृत्तीच्या नावातच घर आहे तिच्यात घरातल्यांना निरोप देण्याचे साधन नसावे, हे जरा गमतीचेच.

आपल्याकडचा संगणक

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून ते मिनिटामिनिटाने मोजून वापरायचे असल्यामुळे लिंक वाटण्याचा प्रश्न फारसा आला नाही; पान वाचायचे, जमले तर छापून ठेवायचे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत गेले आणि ‘मुलांच्या शिक्षणासाठी’ घरात संगणक घ्यायची पद्धत रुळली. २००५ च्या सुरुवातीला बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले, तेव्हा कुठे दिवसभर जोडलेले घर ही गोष्ट शक्य झाली.

संगणक यायचा तो बहुधा असेंबल केलेला. दुकानदार एकच खाते उघडून द्यायचा, बहुतेक वेळा बिनपासवर्डचे. घरातल्या पाचही जणांचे फोटो, बायोडेटा, प्रोजेक्ट आणि परीक्षेची हॉलतिकिटे एका डेस्कटॉपवर पसरायची. हे कोणी विचारपूर्वक ठरवले नव्हते. पण पुढे ज्याला ‘एक खाते’ पक्ष म्हणावे लागते, त्याचे मूळ या दुकानदारी सवयीत आहे हे लक्षात ठेवायला हवे.

असे संगणक किती? २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ९.५ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेटसह संगणक असणारी कुटुंबे ३.१ टक्के. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत संगणक असलेली कुटुंबे १०.७ टक्के निघाली, शहरांत २३.४ आणि खेड्यांत ४.४. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकडे एकावर एक ठेवून वाढ मोजू नये. तरी एवढे दिसते की घरात एखादाच संगणक असणे हीच आपली नेहमीची स्थिती आहे, आणि मार्च २०२० नंतर शाळा, कचेरी आणि बँक सगळेच घरात आले तेव्हा त्या एका यंत्रावरची गर्दी अचानक वाढली. लोणावळ्या-खंडाळ्यात तर मुंबईची माणसेही लॅपटॉप घेऊन मुक्कामाला आली. स्थानिक घरांतला जुना डेस्कटॉप मात्र होता तिथेच, आणखी दोन माणसांच्या वाटणीला गेलेला.

पहिली बाजू: खाते एकच असावे

या बाजूचे म्हणणे असे की घरातल्या संगणकाला कुलूप कशाला? सगळे एकाच खात्यात असले की लिंक पोचवण्याचा प्रश्नच मिटतो. टॅब उघडा ठेवावा, बुकमार्क करावा, नाहीतर डेस्कटॉपवर ‘आईसाठी’ नावाची नोटपॅडची फाइल टाकावी. सीटीएसएसवाल्यांनी साठ वर्षांपूर्वी हेच केले होते. घरातल्या ज्येष्ठांना पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही, खाते बदलताना ‘माझे सगळे कुठे गेले’ अशी घबराट होत नाही.

अभ्यासकांनाही ही सवय दिसली आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील ए. जे. ब्रश आणि कोरी इंकपेन यांनी २००७ मध्ये अमेरिकन घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगळी खाती फुकट उपलब्ध असतानाही सामाईक संगणकावर कुटुंबे बऱ्याचदा एकच खाते वापरतात, असे त्यांना आढळले. म्हणजे हा केवळ आपल्याकडचा भाबडेपणा नाही.

आक्षेप मात्र खरे आहेत. ब्राउझर एकाचा पासवर्ड दुसऱ्यापुढे आपोआप भरून ठेवतो. शोधाचा इतिहास सगळ्यांना दिसतो. यूट्यूबच्या शिफारशींत आजोबांची कीर्तने आणि नातवाचे गेम यांची अशी खिचडी होते की दोघांनाही आपले काही सापडत नाही. उघडा ठेवलेला टॅब तर पुढच्या माणसाच्या एका क्लिकने नाहीसा होतो.

दुसरी बाजू: ज्याचे त्याचे खाते

सुरक्षेचा विचार करणारे जवळजवळ सगळे या बाजूला आहेत. प्रत्येकाला खाते, मुलांच्या खात्याला प्रशासकाचे हक्क नाहीत, आणि देवाणघेवाणीसाठी एक सामाईक फोल्डर. विंडोजमध्ये पब्लिक फोल्डरातल्या डेस्कटॉपवर ठेवलेला शॉर्टकट सगळ्यांच्या डेस्कटॉपवर दिसतो. म्हणजे शाळेच्या पोर्टलची लिंक एकदा तिथे ठेवली की घरभर पोचली. ठेवताना प्रशासकाची परवानगी मागितली जाते, ती द्यावी लागते.

अडचणी तपशिलात आहेत. फाइल कापून सामाईक फोल्डरात चिकटवली तर ती कधी कधी जुन्या जागेचे हक्क घेऊनच येते आणि दुसऱ्याला उघडत नाही. प्रत करून ठेवली तर नव्या जागेचे हक्क लागतात. हे कळायला घरात कोणीतरी जाणकार लागतो. आणि मोठी अडचण अशी की फोल्डरात काही आले आहे हे दुसऱ्याला सांगणारे कोणी नाही.

संगणकप्रणाली बनवणाऱ्यांच्या जगातही घरातली मुभा कितपत असावी यावर मत बदलत आले आहे. उबुंटू लिनक्समध्ये एका वापरकर्त्याचे घर-फोल्डर दुसऱ्याला वाचता येईल अशी रचना वर्षानुवर्षे होती. एप्रिल २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपासून ती बदलली आणि फोल्डर मुळातच खासगी राहू लागले. आधीची रचना सहकार्यासाठी होती, नंतरची संरक्षणासाठी. दोन्हींमागे विचार होता.

या दोन टोकांमध्ये मधली वाट काढण्याचा प्रयत्नही झाला. सर्ज एगेलमन, ब्रश आणि इंकपेन यांनी २००८ मध्ये ‘कौटुंबिक खाते’ ही कल्पना मांडली: नेहमीचे सगळे सामाईक, आणि खासगी काही करायचे तेवढ्यापुरते आपल्या नावाखाली जायचे. बाजारातल्या कोणत्याही मोठ्या प्रणालीने ती जशीच्या तशी उचलली नाही. माझ्या मते या सगळ्या चर्चेतली ही सर्वांत समंजस सूचना होती.

ब्राउझरची प्रोफाइल ही तिची दूरची नातलग म्हणता येईल. क्रोममध्ये प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल ठेवता येते. बुकमार्क, इतिहास, पासवर्ड वेगळे राहतात. पण त्यात भिंत नाही, पडदा आहे: यंत्रासमोर बसलेला माणूस दुसऱ्याच्या प्रोफाइलवर क्लिक करून आत जाऊ शकतो, आणि हे गूगल स्वतःच सांगते. शिवाय ‘हे पान पाठवा’ ही क्रोम आणि फायरफॉक्समधली सोय त्याच खात्याच्या दुसऱ्या उपकरणाला पाठवते. स्वतःच्या फोनला लिंक जाते. त्याच पडद्यावर नंतर बसणाऱ्या बहिणीला जात नाही. आजची बहुतेक साधने एका माणसाकडे चार यंत्रे आहेत असे धरून बनतात. चार माणसांकडे एक यंत्र असलेले घर त्यांच्या नकाशावर नाही.

तिसरी बाजू: व्हॉट्सअॅप आहे ना!

प्रत्यक्षात बहुतेक घरांनी वाद न घालता हा मार्ग धरला. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉट्सअॅप वेब आले. २०२२ च्या अखेरीस स्वतःलाच मेसेज करण्याची सोय आली. त्याआधी लोक त्यासाठी एकट्याचा ग्रुप काढत असत. आता लिंक सापडली की ती फॅमिली ग्रुपवर टाकायची. सूचना वाजते, निळी खूण उमटते, निरोप पोचला हे कळते. सामाईक फोल्डराची मोठी उणीव इथे भरून निघते. एप्रिल २०१६ पासून मजकूर दोन्ही टोकांना कूटबद्ध असतो, त्यामुळे वाटेत कोणी वाचील ही भीतीही कमी.

वळसा मात्र विलक्षण आहे. वलवणच्या तळ्याचे पाणी खंडाळ्याहून नळांनी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ मध्ये वीज काढली, आणि ती गेली मुंबईच्या गिरण्यांना. गावचे पाणी वीज होऊन दूर गेले. बैठकीच्या खोलीतून निघालेली लिंक दूरच्या सर्व्हरला जाऊन त्याच खोलीत परतते, ती याच जातीची. पावसाळ्यात नेट गेले की निरोपही गेला, मग दोघे एकाच यंत्रावर बसत असले तरी.

शिवाय प्रत्येकाकडे स्वतःचा नंबर लागतो. तेरा वर्षांखालच्या मुलांना व्हॉट्सअॅपच्या नियमांनुसार आपले आपण खाते काढता येत नाही. ज्या आजीकडे साधा बटणांचा फोन आहे ती ग्रुपबाहेरच राहते. आणि सामाईक संगणकावर व्हॉट्सअॅप वेब उघडे राहिले तर एकाचे सगळे बोलणे पुढच्या माणसासमोर उलगडते.

चिठ्ठी आणि देवनागरी लिंक

मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी या चर्चेत कोणी गंभीरपणे घेत नाही, घ्यायला हवी. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधील प्रयोगशाळेत अॅबिगेल सेलन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘होमनोट’ नावाचा छोटा पडदा घरांत ठेवून पाहिला होता. त्यावर हाताने लिहिता येई, फोनवरून संदेशही पाठवता येई. निरोप माणसाच्या नावाने न जाता घरातल्या एका जागेवर जातो, आणि तिथून जाणारा-येणारा प्रत्येक जण तो वाचतो, हे त्या प्रयोगाचे मर्म. चिठ्ठीचे बळ तेच आहे.

लिंकपुढे मात्र चिठ्ठी हात टेकते, आणि मराठी लिंकपुढे तर पारच. मराठी विकिपीडियावरचे लोणावळ्याचे पान उघडले तर वरच्या पट्टीत ‘लोणावळा’ असे सुबक दिसते. तीच लिंक प्रत केली की देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्क्याची खूण, इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांच्या नऊ खुणांत बदलते. ‘लोणावळा’ या शब्दात काना-मात्रा धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे त्रेसष्ट खुणा. ‘वलवण’ छत्तीसांत निभावते. हे हाताने उतरवून पुन्हा टंकणे कोणी करणार नाही.

यावर तीन तोडगे आहेत. पत्ता देवनागरीतच लिहावा आणि देवनागरीतच टंकावा, चालतो. पण विंडोजमध्ये मराठी कळफलक प्रत्येक खात्याला वेगळा लावावा लागतो. वडिलांच्या खात्यात असला म्हणून मुलीच्या खात्यात असेल असे नाही. दुसरा तोडगा आखूड लिंकचा. ती दुसऱ्याच्या सेवेवर जगते: गूगलने आपली आखूड लिंकची सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकसाठी बंद केली आणि जुन्या लिंक ऑगस्ट २०२५ मध्ये बंद पडतील असे जाहीर केले होते, नंतर वापरात असलेल्या लिंक राखायचे ठरले. तिसरा तोडगा क्यूआर कोडचा. जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी काढला. क्रोम उघड्या पानाचा कोड तिथल्या तिथे करून देतो आणि तो फोनने टिपता येतो. फक्त तेव्हा निरोप संगणकावर राहत नाही, फोनवर जातो.

जुन्या फॉन्टांचाही उपद्रव आहे. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तिथे निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ‘इन्स्टॉल’ म्हटले की फॉन्ट फक्त त्याच खात्यापुरता बसतो. सगळ्यांसाठी हवा तर वेगळा पर्याय निवडावा लागतो. छपाईच्या कामासाठी असे फॉन्ट ठेवणाऱ्या घरांत एकाच संगणकावर वडिलांना वाचता येणारी फाइल मुलीला वाचता येत नाही, ती यामुळे.

खासगीपणा आणि कायदा

आतापर्यंतचा वाद सोयीचा होता. इथे तो घरातल्या सत्तेचा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे नोंदले गेले. सामाईक यंत्र ही अनेकींची पहिली पायरी असते, आणि तिथेच सर्वांत जास्त नजरा असतात. नित्या सांबसिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या स्त्रियांच्या फोनवापराचा अभ्यास मांडला. फोन घरच्यांना द्यावाच लागतो हे धरून स्त्रिया ठरावीक अॅपला कुलूप लावतात, नेमका एखादाच मेसेज पुसतात, असे त्यात दिसले. अभ्यास फोनचा आहे. पण संगणकावर असे बारीक कुलूप जवळजवळ नाहीच. तिथे एकतर सगळे उघडे, नाहीतर सगळे बंद, आणि ‘सगळे बंद’ हेच काही घरांत संशयाचे कारण होते.

कायदा या उंबऱ्यावर थबकतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माणसाने हाताळलेल्या माहितीला लागूच होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय केलेला वापर पकडते. पण बापाने विकत घेतलेल्या आणि सगळ्यांनी वापरलेल्या यंत्राचा ताबेदार कोण? दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. पण ब्राउझरने आपण होऊन भरलेला पासवर्ड? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीपत्नींतले गुपचूप ध्वनिमुद्रित संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकते असे म्हटले. घरातल्या खासगीपणाची कक्षा अजून आखली जाते आहे.

मुलांबाबत दोन्ही बाजूंची भूमिका बळकट आहे. पालक म्हणतात, बैठकीच्या खोलीतला एक उघडा संगणक हीच सर्वांत चांगली देखरेख. दुसरे म्हणतात, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीने पाठवलेली लिंक घरच्यांच्या डोळ्यांखाली उघडावी लागली तर ती उघडणारच नाही, फोन शोधील.

न सुटलेले

काही गाठी नव्याने पडताहेत. पासवर्डच्या जागी येणाऱ्या पासकी सहसा चेहऱ्याने, बोटाने किंवा एखाद्याच्या फोनने उघडतात. एका खात्यात सगळे, ही पद्धत त्यांच्यापुढे टिकणे कठीण. चॅटबॉट बोलणे लक्षात ठेवू लागले आहेत, आणि ती स्मृती खात्याची असते, माणसाची नव्हे. सामाईक खात्यात एकाने विचारलेले दुखणे दुसऱ्याच्या उत्तरात डोकावू शकते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुने डेस्कटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांना लिनक्सवर न्यावे असे काही जण सुचवतात. लिनक्सला अनेक वापरकर्त्यांची जुनी सवय आहे हे खरे. पण मराठी डीटीपीचे जुने सॉफ्टवेअर तिथे सहज चालेल याची खात्री नाही.

सगळे मिळून पाहता कोणतीही एक बाजू पूर्ण जिंकलेली नाही. माझा कौल असा: मोठ्यांना वेगळी खाती असावीत, बँक आणि ई-मेल त्यांच्या आतच राहावे, लिंकसाठी सामाईक फोल्डरात युनिकोड मराठीतली एकच साधी फाइल असावी, तारखेसह, सगळ्यांच्या डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट, तातडीच्या निरोपाला व्हॉट्सअॅप. लहान मुलांचे खाते वेगळे करण्याचे वय प्रत्येक घराने आपले ठरवावे, पण ते मुलांना सांगून ठरवावे. हे सगळे मांडायला एक दुपार पुरते, आणि घरात एमएस-सीआयटी झालेले कोणी ना कोणी बहुधा असतेच.